मंगळवारचा हात, बुधवारची पट्टी

न्यूयॉर्क, २३ ऑक्टोबर १९८९

जोआन,

काल वाहिनीच्या कचेरीतून फोन आला. बोलणारा साहेब माझी 'मर्सर स्ट्रीट' मालिका सुरू झाली तेव्हा शाळेत असावा. म्हणाला, फेब्रुवारीत प्रेक्षकांची मोजणी असते, तर तेव्हा तुमच्या 'मर्सर स्ट्रीट'चा आणि जोआन टिबेटच्या 'पियर नाइन'चा जोडभाग करू. मंगळवारी तुमच्याकडे अर्धी गोष्ट, बुधवारी तिच्याकडे उरलेली अर्धी. मी म्हटलं, अरे बाबा, जोडायचं कशाला? माझ्यातूनच तोडून नेलंय ना ते?

विसरली असशील म्हणून आठवण देतो. रीटा सँडोव्हाल ही आमच्या नेवार्कच्या ठाण्यातली नवखी पोलीसबाई. सार्जंट गस कॉवालिकनं तिला पंचनामा कसा लिहायचा ते शिकवलं. मग तू एक भाग असा लिहिलास की त्यात गुन्हा कमी आणि रीटाची कॅलिफोर्नियाची तयारीच जास्त. भागाच्या शेवटी ती बसमध्ये बसली आणि पुढच्या हंगामात तिची स्वतःची मालिका निघाली, बंदरावरची 'पियर नाइन'. मालिकेला पिल्लू होतं हे मला मान्य आहे. पण पिल्लानं आईचं घर बंद पडताना वर पाहुणचार मागावा?

मेमध्ये 'मर्सर स्ट्रीट' बंद होते आहे, ते तुला माझ्याआधी कळलं असेलच. दहा वर्षं कॉवालिकनं कुणाकडून फुकटचा डोनटसुद्धा खाल्लेला नाही. त्याचं काम करणारा एमेट लॉरिंग आता एकाहत्तरचा आहे, पुढे त्याला कुणी उभं करणार नाही. माझी एकच अट आहे. कॉवालिक घरी जाताना त्याच्या नावावर डाग नको. बाकी तुझ्या बंदरात काय बुडवायचं ते बुडव.

मॉरी झेलनिक


लॉस एंजेलिस, ३ नोव्हेंबर १९८९

मॉरी,

पत्र मिळालं. शिव्या भरपूर आहेत पण टंकनाची चूक एकही नाही. म्हणजे मी गेल्यावर बरी टायपिस्ट मिळालेली दिसते. मला काळजी होती.

कामाचं बोलते. दुसरा भाग आम्ही आधी चित्रित करतो आहोत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आम्हाला बंदराचा धक्का चित्रीकरणाला तेवढेच दिवस मिळतोय, आणि जानेवारीच्या मध्याला एमेटच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. तुमचा पहिला भाग नाताळनंतर करा. शेवट ठरलेला आहे, तुम्ही फक्त तिथपर्यंत आणून सोडायचं.

गोष्ट अशी. नऊ वर्षांपूर्वी नेवार्कमध्ये एक खुनी सुटला, कारण पुराव्याच्या पाकिटाचं सील कुणीतरी फोडलं होतं. तोच माणूस आता आमच्या बंदरात पुन्हा खून करतो. रीटा तपास करते आणि धागा मागे मागे जात तिच्या जुन्या गुरूपाशी पोचतो. ती विचारते, "सार्जंट, पाकीट कुणी उघडलं?" कॉवालिक काही बोलत नाही. खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवतो. रीटा त्याला चार खडे बोल सुनावते आणि निघून जाते. संपलं.

तुमची अट वाचली. डाग नसलेला माणूस निवृत्त होतो तेव्हा प्रेक्षक चॅनल बदलतात. हे तुम्हीच मला शिकवलंत.

आणि पिल्लाचं म्हणाल तर पिल्लाला यंदा आईच्या दुप्पट प्रेक्षक आहेत.

जोआन टिबेट


न्यूयॉर्क, ९ नोव्हेंबर १९८९

जोआन,

पाकीट? जगात सुरा आहे, पिस्तूल आहे, विष आहे, आणि तुला पाकीटच सापडलं?

मग मीही एक गोष्ट सांगतो. १९८१ साल. आमच्या कचेरीत भिंतीवर पाटी होती, अजूनही आहे. अनोळखी माणसानं गोष्ट लिहून पाठवली तर पाकीट न उघडता परत पाठवायचं, नाहीतर उद्या तो कोर्टात म्हणेल की माझी गोष्ट चोरली. सगळ्या टायपिस्टना पहिल्या दिवशी हेच सांगतात. पॅटरसनच्या ओरेस्ट ड्युबिक नावाच्या एका निवृत्त पोलिसानं असंच एक जाड पाकीट पाठवलं. आंधळ्या किल्लीवाल्याची गोष्ट होती. पाकीट परत गेलं नाही. सहा महिन्यांनी एका हुशार टायपिस्टनं आपला पहिला भाग लिहून माझ्या टेबलावर ठेवला. त्यात आंधळा किल्लीवाला होता. भाग लागला, सगळ्यांना आवडला, आणि ड्युबिकचा वकील दारात उभा राहिला.

स्टुडिओच्या साहेबांसमोर मी काय सांगितलं ते सगळ्यांना माहीत आहे. पाकीट मी उघडलं, असं सांगितलं. पैसे देऊन ड्युबिकचं तोंड बंद केलं गेलं आणि माझ्या नावावर शेरा बसला की याच्या हातात नवी मालिका देऊ नये. म्हणून रीटाची मालिका, जी माझ्या डोक्यातून निघाली, ती तुझ्या पदरात पडली.

पाकीट टेबलाच्या खणात मला मिळालं होतं, जोआन. ते खालच्या कडेनं उघडलेलं होतं. आमच्याकडे तसं पाकीट उघडणारी एकच बाई होती.

एकदा केलंस ते पोटात घातलं. आता तेच कॉवालिकच्या नावावर दुसऱ्यांदा टाकतेस?

मॉरी


लॉस एंजेलिस, ८ डिसेंबर १९८९

मॉरी,

आठ वर्षांपूर्वीचं मला काही आठवत नाही. पाकीट तुम्ही उघडलंत, असं तुमच्याच तोंडचं स्टुडिओच्या कागदावर आहे. मी त्याहून जास्त काय सांगणार?

चित्रीकरण काल संपलं. एमेटचं काम फार छान झालं. बिल्ला ठेवताना त्याची मान अशी खाली गेली की दिवे धरणारी माणसंसुद्धा काम सोडून बघत राहिली. मी एवढी दुष्ट नाही की हे सांगणार नाही.

एक अडचण आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला एमेटनं टर्की तेलात सोडली आणि हात भाजून घेतला. तो इथे आला तो हाताला ही जाड पट्टी बांधून. डॉक्टर काढू देईनात. म्हणून माझ्या सगळ्या भागात कॉवालिकच्या हाताला पट्टी आहे. तुमच्या भागात तिचं कारण द्या. गाडीच्या दारात सापडला, एवढं एक वाक्य पुरे. पट्टी कुठे, कशी, कोणत्या हाताला, याचे फोटो वेगळ्या पाकिटातून पाठवले आहेत. तुमच्या कॉन्टिन्यूइटीच्या बाईंना द्या, एका प्रसंगाशी दुसरा जुळवणं त्यांचंच काम.

जोआन टिबेट


न्यूयॉर्क, १४ डिसेंबर १९८९

जोआन,

तुझं ते दुसरं पाकीट सोबत परत पाठवत आहे. उघडलेलं नाही. आमच्या भिंतीवरची पाटी मी एवढ्या वर्षांत एकदाही मोडली नाही, आता तुझ्यासाठी कशाला मोडू?

पट्टीचं कारण मी देतो. काळजी नको.

मॉ. झे.


लॉस एंजेलिस, १२ जानेवारी १९९०

झेलनिकसाहेब,

पहिल्या भागाची फिल्म आज वाहिनीच्या कचेरीत बघितली. ते पोरगेले साहेब शेजारी बसले होते. दिवे लागल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, "हा म्हातारा काय लिहितो हो." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एकच प्रसंग बदललात. एकच. कॉवालिक घरी स्वयंपाकघरात उभा आहे. हातात जुनं पुराव्याचं पाकीट. त्याच्या झाकणावर सही आहे, आणि ती सही रीटाची आहे. नवखेपणी उत्साहाच्या भरात तिनं पाकीट उघडून बघितलं, परत चिकटवलं, आणि शिकवल्याप्रमाणे वर सही करून मोकळी झाली. आपल्यामुळे खुनी सुटला हे तिला कधी कळलंच नाही. कॉवालिक ते झाकण फाडून गॅसवर धरतो. अर्धं जळतं आणि त्या म्हाताऱ्याला राहवत नाही, कारण पुरावा जाळणं त्याच्या हाडात नाही. तो जाळात हात घालतो. हात भाजतो. मग सोडून देतो.

आणि दुसऱ्या दिवशी माझा भाग. मी लिहिलेला, मी चित्रित केलेला, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ शकत नाही असा. रीटा विचारते पाकीट कुणी उघडलं, आणि तो तिच्याचसाठी गप्प बसतो. भाजलेल्या हातानं बिल्ला ठेवतो. माझी रीटा त्याला तोंडावर चोर म्हणते आणि सगळ्या देशासमोर मूर्ख ठरून ताठ मानेनं निघून जाते. माझेच शब्द, माझीच पट्टी, आणि मलाच फास. धक्का परत मिळत नाही, एमेट सोमवारी ऑपरेशनला जातोय. मला काहीही दुरुस्त करता येत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं.

तर आता ऐकाच. हो, मी उघडलं. खालच्या कडेनं. दुपारी वेळ जात नव्हता म्हणून. पण तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात हे मला कळलं नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर ते खरं नाही. तुम्ही साहेबांशी बोलत होतात तेव्हा दार उघडं होतं आणि मी बाहेर टंकयंत्रावर होते. "पाकीट मी उघडलं," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मला वाटलं, आता हे बाहेर येतील, मला शिव्या देतील, हाकलून देतील. मी सामान भरून बसले होते. तुम्ही बाहेर आलात, कप उचललात आणि म्हणालात, "कॉफी थंड आहे." बस्स.

त्यानंतर आठ वर्षं तुम्ही एक शब्द काढला नाहीत. माझं प्रत्येक पान वाचताना तुम्ही काही बोलायच्या आधी जो क्षण जायचा ना, त्यात मला ते पाकीट दिसायचं. लोक म्हणायचे, झेलनिकनं हिला घडवली. मी कॅलिफोर्नियाला आले ती मालिकेसाठी नाही, त्या क्षणापासून पळून आले. तुम्ही मोठं मन दाखवलंत आणि ते माझ्या गळ्यात बांधलंत. मी तुमचा तिरस्कार करते तो त्यासाठी.

जोआन


न्यूयॉर्क, २२ जानेवारी १९९०

जोआन,

तुझं पत्र वाचून मला आनंद झाला, हे आधी सांगून टाकतो. तुझा जळफळाट झाला, छान झालं. पूर्ण एक दिवस मी हवेत होतो.

मग एमेटला बघायला इस्पितळात गेलो. मी बढाई मारत होतो आणि तो जेली खात होता. म्हणाला, "मॉरी, तू शहाणा आहेस पण गाढव आहेस. पुढच्या वर्षी दोन्ही मालिका जुन्या भागांच्या बाजारात जातील. तुझी एका चॅनलला, तिची दुसऱ्या. दूर कुठल्या टल्सा गावची म्हातारी दुपारी चार वाजता 'पियर नाइन' लावेल. तुझा मंगळवार तिच्या गावात दिसायचाच नाही. ती काय बघेल? मी गप्प बसलो आणि बिल्ला ठेवला. मी मेल्यावर वीस वर्षं रोज दुपारी चार वाजता मी चोर."

जोडभागाची हीच खोड आहे. अर्धं माझं, अर्धं तुझं, आणि शेवट ज्याच्याकडे, सत्य त्याचं.

तुझ्या भागाच्या सुरुवातीला चाळीस सेकंदांची उजळणी असते, काल काय झालं ती. ती तुझ्या भागाला चिकटूनच जाते, टल्सालाही. काय घ्यायचं ते तूच ठरवतेस. गॅसचा प्रसंग त्यात घे. एवढंच मागतो. तुझ्याकडे काही मागताना मला किती जड जातंय ते तुला कळेल, म्हणून लपवत नाही.

राहिलं गप्प बसण्याचं. मला वाटायचं, मी ओळखलंय हे तुला माहीतच नाही. वाटायचं, सांगितलं तर ही पोरगी लिहायचं सोडेल, आणि तू चांगली लिहायचीस. माझ्यापेक्षा बरी. तुझं पान वाचताना मी क्षणभर थांबायचो तो पाकिटासाठी नाही, बाई. मत्सरानं थांबायचो.

मॉरी


लॉस एंजेलिस, २ फेब्रुवारी १९९०

मॉरी,

गंमत ऐका. तुमच्या गॅसच्या प्रसंगात एमेटचा डावा हात भाजतो. माझ्या सगळ्या भागात पट्टी उजव्या हाताला आहे.

तुम्ही न उघडता परत पाठवलेल्या पाकिटात हेच होतं. सहा फोटो, मागे माझ्या अक्षरात लिहिलेलं, उजवा हात, उजवा हात. पाटीचा मान राखलात, छान केलंत. डिसेंबरअखेर एमेटचा हात बरा होऊन पट्टी निघाली होती, म्हणून तुमच्या बाईंनाही कळायला मार्ग नव्हता. एमेटला स्वतःचा कोणता हात भाजला होता ते आठवू नये, यात नवल नाही. त्याला संवादही आठवत नाहीत.

मंगळवार आणि बुधवारमध्ये एक दिवस आहे, लोक विसरतील. पण उजळणीत तुमचा प्रसंग घेतला तर आधी डावा हात भाजणार आणि मिनिटभरात उजव्या हाताला पट्टी दिसणार. माझा संकलक म्हणाला, "सोपं आहे, चित्र आडवं उलटवू. डाव्याचा उजवा होईल." उलटवून दाखवलंही. हात झकास बसतो. फक्त पाकिटावरची सही उलटी होते. कुणाची आहे ते कुणालाच वाचता येत नाही. कॉवालिक काहीतरी कागद जाळतो, एवढंच कळतं. म्हणजे आणखीच चोर.

वाहिनीच्या साहेबांना ते फार आवडलं. रीटा स्वच्छ राहते आणि चूकही झाकली जाते. मला कुणी दोष देऊ शकणार नाही. धंद्यातला कुठलाही माणूस हेच करेल.

मी माझ्या मालिकेला जे बरं ते करीन. तुम्हाला वचन देत नाही.

जोआन टिबेट


न्यूयॉर्क, ७ फेब्रुवारी १९९०

जोआन,

उलटव.

मी तुझ्या जागी असतो तर उलटवलंच असतं. हाताची चूक ठेवून भाग बाहेर सोडायचा नसतो, हे तुला मीच शिकवलंय. माझ्या रागापायी पाकीट परत गेलं, माझ्या रागापायी चुकीचा हात भाजला. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही. एमेटला मी सांगतो काय ते.

मॉरी झेलनिक


लॉस एंजेलिस, ५ मार्च १९९०

मॉरी,

बुधवारी तुम्ही टीव्ही लावला नाहीत, असं एमेटनं फोनवर सांगितलं. भिंतीकडे तोंड करून झोपलात म्हणे. म्हणून लिहावं लागतंय.

उजळणीत मी एकच प्रसंग घेतला. गॅसचा, सलग, अडतीस सेकंद. उलटवला नाही. रीटा सँडोव्हालची सही सगळ्या देशाला वाचता आली, आणि टल्साच्या म्हातारीलाही येईल. जोवर हा भाग कुठेतरी दिसेल तोवर तिला कळेल की तो म्हातारा कुणासाठी गप्प आहे. वाहिनीच्या साहेबांनी आरडाओरडा केला. रीटाचं काम करणारी बाई माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

हे तुमच्यावर उपकार म्हणून केलं नाही. उपकार काय असतात ते मी आठ वर्षं भोगलंय, ते मी शत्रूवरही करणार नाही. तुमच्याबद्दलचा माझा रागही गेलेला नाही. तुम्ही माझी रीटा माझ्याच शब्दांत बुडवलीत आणि ते काम अप्रतिम होतं, म्हणून राग दुप्पट आहे.

आतापर्यंत दोनशे अकरा पत्रं आली. सगळी हाताबद्दल. तुम्हाला डावं-उजवं कळतं का? तुमच्याकडे कुणी बघतं की नाही? ओहायोच्या एका दंतवैद्यानं आकृती काढून पाठवली आहे.

दोनशे बारावं पाकीट पॅटरसनहून आलं. पाठवणाऱ्याचं नाव ओरेस्ट ड्युबिक. त्या नावाचं काहीही आलं तर न उघडता वकिलाकडे द्यायचं, असं आमच्या टपालाच्या टेबलावर अजून लिहिलेलं आहे. आमची टायपिस्ट ते दोन बोटांत धरून माझ्याकडे घेऊन आली. मी उघडलं. खालच्या कडेनं.

त्यांनी लिहिलंय: "बाईसाहेब, मी तेवीस वर्षं पोलिसात काढली. हात चुकलाय. एवढी मोठी चूक एवढ्या लोकांच्या नजरेतून सुटत नाही, म्हणजे ती कुणीतरी मुद्दाम ठेवली. का ठेवली हे बघायला मी तो तुकडा तीनदा बघितला. ती सही दिसावी म्हणून ठेवली. पाकीट म्हाताऱ्यानं नाही, त्याच्या हाताखालच्या पोरीनं उघडलं, हे कळावं म्हणून. आता मी म्हातारा झालोय, भांडायचं नाही, फक्त एक सांगा. माझं पाकीट त्या झेलनिकनं उघडलं नव्हतं ना?"

मी उत्तर पाठवलं आहे. "नाही. मी उघडलं. गोष्ट तुमची होती." खाली पूर्ण सही केली. एक प्रत स्टुडिओला गेली आहे, त्यांना माझं काय करायचं ते करू देत. दुसरी प्रत सोबत जोडते, तुमच्या नावावरचा शेरा काढायला ती लागेल.

पोच पाठवू नका. आभार तर मुळीच नकोत. आणि एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशीची कॉफी गरम होती, मॉरी, तुम्ही तोंडही लावलं नव्हतंत. तुम्ही बाहेर याल म्हणून मी तेव्हाच करून ठेवली होती.

जोआन